वाचकांचे प्रश्न : फळीवरचा डबा आणि यार्डातली गाडी

प्रश्न : माझे कराडला किराणा मालाचे दुकान आहे. माझा भाचा कोल्हापूरला मोटारींच्या एका शोरूममध्ये विक्रीचे काम करतो. दिवाळीला आला असताना त्याने दुकानातला कॉर्नफ्लेक्सचा डबा हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘मामा, यात तुम्हाला वीस रुपये सुटतात, आमच्याकडे एका गाडीमागे छत्तीस हजार. तुमची अठराशे गिऱ्हाइके म्हणजे आमचे एक.’’ हिशेब बरोबर आहे, पण मनाला पटत नाही. या दोहोंतला खरा किफायतशीर धंदा कोणता, ते आकड्यांनिशी सांगावे.
— एक किराणा दुकानदार, कराड

उत्तर : आपल्या भाच्याचा भागाकार बिनचूक आहे, पण एका नगामागे काय सुटते, एवढ्यावरून धंदा जोखता येत नाही. ते सुटायला किती दिवस लागतात आणि तोवर आपला किंवा बँकेचा किती पैसा मालात अडकून राहतो, हे दोन आकडे त्याने सांगितलेच नाहीत, आणि सगळा फरक तेथेच आहे. (‘सिरियल’ हा शब्द मराठीत दूरदर्शनच्या मालिकांसाठी कधीच खर्ची पडला असल्यामुळे या सदरात न्याहारीच्या असल्या सर्व तयार पदार्थांना सोयीसाठी कॉर्नफ्लेक्सच म्हणू.)

प्रथम आपला डबा घेऊ. समजा, तो आपल्याला १७० रुपयांना पडतो आणि १९० रुपयांना विकला जातो. फळीवर वीस डबे लावले आणि ते महिन्याभरात संपले, की डिस्ट्रीब्युटरचा माणूस पुढची ऑर्डर घ्यायला हजर असतो. म्हणजे आपले ३,४०० रुपये अडकतात आणि त्यांवर दरमहा ४००, वर्षाला ४,८०० रुपये सुटतात. गुंतलेल्या शंभर रुपयांवर वर्षाकाठी १४१. डिस्ट्रीब्युटरने आठ-पंधरा दिवसांची उधारी दिली असेल, तर त्यातले काही दिवस आपण त्याच्याच पैशावर धंदा करता.

आता गाडी. नऊ लाखांच्या गाडीवर छत्तीस हजार म्हणजे विक्रीच्या चार टक्के. आपल्याकडे मोटार वितरकाचे मार्जिन साधारण तीन ते पाच टक्के असते, तेव्हा भाच्याने आकडा फुगवून सांगितलेला नाही. परंतु शोरूमला ती गाडी ८ लाख ६४ हजारांना पडते, आणि ही रक्कम गिऱ्हाइकाने किल्ली घेतल्यावर नव्हे, तर गाडी कारखान्यातून निघतानाच, बहुधा बँकेच्या कर्जातून, कंपनीला द्यावी लागते. कंपनीच्या मासिक आकड्यांत ती गाडी त्याच दिवशी ‘विकली’ जाते. प्रत्यक्षात ती यार्डात आच्छादनाखाली उभी असते आणि दर काही दिवसांनी बॅटरी उतरू नये म्हणून कोणी तरी ती चालू करून बंद करतो. व्याज दहा टक्के धरले, तर ही उभी गाडी रोज २३७ रुपये खाते. महिन्यात गेली तर सात हजार, दोन महिने राहिली तर चौदा हजार, आणि हे सगळे त्या छत्तीस हजारांतूनच जातात. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर वितरकांच्या देशव्यापी संघटनेने साठा सत्तर दिवसांच्या पुढे गेल्याची ओरड केली होती, ती यासाठीच. गाडी साठ दिवसांत विकली जाते असे मानले, तर वर्षात पैशाचे सहा फेरे होतात, २ लाख १६ हजार सुटतात, त्यांतून ८६ हजार व्याज वजा जाते आणि गुंतलेल्या शंभर रुपयांवर पंधरा उरतात. काचेच्या दर्शनी भिंती, एसी, डेमो गाड्या आणि भाच्याचा पगार यांचा खर्च या पंधरांतून भागवायचा असतो.

तरीही आपण लगेच भाच्याला फोन करू नये. आपल्या १४१ टक्क्यांना वरून छत आहे. आपली गिऱ्हाइके महिन्याला वीसच डबे खातात. फळीवर दोनशे लावले म्हणून कराडची भूक दहापट होत नाही, एक्सपायरीची तारीख मात्र जवळ येते. शोरूमवाल्याचा टक्का लहान असला, तरी त्या टक्क्याने कोट्यवधी रुपये फिरवायला त्याच्याकडे जागा आहे. टक्केवारीत आपण पुढे आहात आणि रकमेत तो, असे म्हणणे अधिक खरे होईल. ज्याच्याकडे पाच लाख रुपये आहेत त्याने किराणा दुकान काढावे. ज्याच्याकडे पाच कोटी आहेत त्याला किराण्याच्या एका गाळ्यात ते घालताच येणार नाहीत.

जोखमीचाही विचार करावा लागेल. एखाद्या कंपनीचा कॉर्नफ्लेक्स उद्या बंद झाला, तर आपल्या दुकानातली हातभर फळी रिकामी होईल आणि तेथे शेवयांची पाकिटे लागतील. शोरूमचे तसे नाही. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या वितरकांच्या हातात त्या एकाच नावासाठी उभारलेली इमारत, त्याच गाड्यांचे प्रशिक्षण घेतलेले कारागीर आणि त्याच गाड्यांना चालणारी हत्यारे उरली.

शिवाय पंचांगाचा परिणाम आपल्यापेक्षा त्याच्यावर किती तरी अधिक होतो. पितृपक्षात शोरूममध्ये चौकशीला माणसे येतात, पण गाडी उचलायला कोणी तयार नसतो. पाडव्याला आणि दसऱ्याला मात्र एका दिवसात इतक्या गाड्या द्याव्या लागतात की हार आणि नारळ आदल्या दिवशी घाऊक आणून ठेवतात. पितृपक्ष आहे म्हणून मुलाच्या वाटीत कॉर्नफ्लेक्स घालायचे थांबवणारी आई आपण पाहिली नसेल.

आणखी एक गोष्ट भाच्याला विचारून पाहा. शोरूमचा खरा आधार गाडीच्या विक्रीपेक्षा मागच्या बाजूच्या वर्कशॉपमध्ये असतो. गाडी एकदा विकली जाते, पण तिची सर्व्हिसिंग, ब्रेकचे पॅड, विम्याचे नूतनीकरण, अपघातानंतरचे पत्र्याचे आणि रंगाचे काम, हे आठ-दहा वर्षे चालू राहते. अमेरिकेतील वितरकांच्या ताळेबंदांत सर्व्हिस आणि सुटे भाग यांचा वाटा एकूण विक्रीत जेमतेम आठवा भाग असतो, पण ढोबळ नफ्यात जवळजवळ निम्मा. नवी गाडी कमी मार्जिनवर द्यायला शोरूम राजी का होते, याचे उत्तर त्यात आहे. कॉर्नफ्लेक्सच्या डब्याला असली शेपटी नाही. डबा संपला की संबंध संपला, आणि पुढच्या महिन्यात त्याच गिऱ्हाइकाला तोच डबा पुन्हा विकावा लागतो.

प्रश्न : बाजारात मक्याचा भाव पाहिला आणि कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावरची किंमत पाहिली, तर मधला पैसा जातो कोठे, असा प्रश्न पडतो. पोहेसुद्धा चपटे केलेले धान्यच असते, पण ते इतके महाग नसतात. मोटारीच्या किमतीतही धातूचा वाटा असाच नाममात्र असतो का?
— एक गृहिणी, डोंबिवली

उत्तर : अमेरिकेच्या कृषी खात्याने २००८ मध्ये नेमका हाच हिशेब केला होता. १८ औंसांच्या, म्हणजे सुमारे ५१० ग्रॅमच्या, कॉर्नफ्लेक्सच्या डब्यात १२.९ औंस मका असतो. मक्याचा भाव वीस वर्षांच्या सरासरीइतका, म्हणजे बुशेलला (सुमारे २५ किलोंना) २.२८ डॉलर असताना त्या डब्यातल्या मक्याची किंमत होती ३.३ सेंट. २००७ मध्ये भाव चढून ३.४० डॉलर झाला, तेव्हा ती झाली ४.९ सेंट. मका जवळजवळ दीडपट महागला आणि काही डॉलरांच्या डब्यामागे खर्च वाढला दीड सेंट. मक्याचा शेतकरी आणि डब्याची किंमत यांच्यातला धागा इतका सैल आहे.

मोटारीत याच्या अगदी उलट स्थिती आहे. मारुती सुझुकीच्या ताळेबंदात विक्रीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम मालावर आणि सुट्या भागांवर जाते. एक गाडी जास्त बनवायची, तर एक इंजिन, चार चाके, आसने, काचा, वायरिंग, सगळे जास्त लागते आणि त्याचे पैसे चाकण-भोसरीसारख्या पट्ट्यांतल्या पुरवठादारांना मोजावे लागतात. म्हणून पोलाद महागले की जानेवारीत गाड्यांच्या किमती वाढल्याची बातमी येते. २०२३-२४ मध्ये मारुतीने सुमारे २१.३५ लाख गाड्या विकल्या आणि १३,२०९ कोटी रुपयांचा निव्वळ नफा मिळवला. गाडीमागे बासष्ट हजारांच्या आसपास. त्यातही कंपनीच्या गुंतवणुकींवरचे उत्पन्न धरलेले आहे. ते वर्ष तिच्या चांगल्या वर्षांपैकी होते.

कॉर्नफ्लेक्सचा एक डबा जास्त बनवायला मात्र फारसे काही लागत नाही. पैसा लागतो तो आधी, आणि तो भट्टीपेक्षा सवय लावण्यात अधिक जातो. केलॉगने १९९४ मध्ये भारतात पाऊल ठेवले आणि आपल्या तळोज्याला कारखाना काढला, तेव्हा कंपनीचा मुकाबला दुसऱ्या कंपनीशी नव्हता. पोहे, उपमा, इडली आणि पराठा यांच्याशी होता. ज्या घरात सकाळी दूध तापवूनच पितात तेथे कुरकुरीत पापुद्रे गरम दुधात पडले आणि त्यांचा लगदा झाला. पहिल्या वर्षांची विक्री त्यामुळे अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहिली. पुढे मुलांसाठी चॉकलेटची चव आली, दहा रुपयांचे पाकीट आले, दूरचित्रवाणीवर आईला उद्देशून जाहिराती आल्या आणि हळूहळू न्याहारीच्या टेबलावर एक कोपरा मिळाला. तो कोपरा मिळवण्याचा आणि राखण्याचा खर्च आपण डब्यागणिक भरता. त्यात पुठ्ठ्याचा डबा, आतली पिशवी, बरीचशी हवा वाहून नेणारे ट्रकभाडे आणि मॉलमधल्या फळीवर नजरेच्या उंचीला जागा मिळावी म्हणून दिलेली रक्कम हीदेखील आली.

पोहे स्वस्त असतात, याचे कारण ते बनवणे सोपे आहे एवढेच नाही. पोह्यांची गिरणी कोणालाही काढता येते, आणि दुकानात आपण ‘जाड द्या’ किंवा ‘पातळ द्या’ म्हणता. कोणाच्या गिरणीचे ते विचारत नाही. ज्या मालाचे नाव घेऊन गिऱ्हाईक मागणी करत नाही, त्याला खर्चाच्या फार वर किंमत लावता येत नाही. त्याच पोह्यांचे छापील पाकीट करून त्यात मसाला घालून विकू लागले की किंमत कशी चढते, हे आपण पाहिलेच असेल.

प्रश्न : मी चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे एका महिन्यात ओव्हरटाइम करूनही काम उरकत नाही आणि दुसऱ्या महिन्यात चार-चार दिवस ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काम नाही म्हणून कारखाना बंद, लागतो. माझा एक मित्र खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आहे, त्याच्याकडे वर्षभर एकसारखे काम असते. हे व्यवस्थापनाचे चुकते की धंद्याचा स्वभावच असा आहे? आणि खप नसताना कंपन्या गाड्या बनवून वर सूट का देतात?
— एक पर्यवेक्षक, चाकण

उत्तर : व्यवस्थापनाचे चुकत नाही असे कोणत्याच कारखान्याबद्दल कोणी लिहून देणार नाही, पण आपण म्हणता तो चढउतार मुख्यतः धंद्याच्या स्वभावातला आहे. एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या गावात हजार गाड्या आहेत आणि प्रत्येक गाडी दहा वर्षे चालते. म्हणजे दर वर्षी शंभर गाड्या बदलल्या जातात आणि शंभर नव्या विकल्या जातात. एका वर्षी पाऊस कमी झाला आणि गाडी बदलायला निघालेल्या शंभरांपैकी पन्नास जणांनी ‘आणखी एक वर्ष हीच चालवू’ असे ठरवले. गावातले कोणीही गाडी चालवायचे थांबले नाही, रस्त्यावर अजूनही हजार गाड्या आहेत, पण नव्या गाड्यांची विक्री निम्मी झाली. आपल्या कारखान्यातला ‘ब्लॉक क्लोजर’ त्या पन्नास निर्णयांतून येतो. कॉर्नफ्लेक्सच्या बाबतीत असे घडत नाही, कारण कालची न्याहारी आज पुरत नाही.

याचा सर्वांत मोठा प्रयोग इतिहासानेच करून ठेवला आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४४.५ लाख प्रवासी मोटारी बनल्या. महामंदीच्या खोल गर्तेत, १९३२ मध्ये, हा आकडा ११ लाखांवर आला. त्याच काळात केलॉगने जाहिरातीवरचा खर्च कमी करण्याऐवजी वाढवला आणि नफाही वाढवला. आपल्या आठवणीतले उदाहरण हवे असेल, तर एप्रिल २०२० चे घ्या. त्या महिन्यात मारुतीने देशांतर्गत बाजारात एकही गाडी विकली नाही. किराणा दुकानापुढे मात्र चुन्याने आखलेल्या वर्तुळांत रांगा उभ्या होत्या.

सूट देण्याचे कारण कारखान्याच्या खर्चात आहे. मारुतीने हरियाणात खरखोद्याला नवा प्रकल्प उभारायला घेतला, तेव्हा वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या पहिल्या टप्प्यासाठी ११ हजार कोटी रुपये खर्च ठरवला होता. म्हणजे वर्षाला एक गाडी बनवण्याच्या क्षमतेमागे ४ लाख ४० हजार. हा पैसा आधीच जमिनीत, यंत्रमानवांत आणि रंगशाळेत जाऊन बसलेला असतो. गाडी बनली काय आणि न बनली काय, त्याचा घसारा आणि व्याज चालूच राहते. त्यामुळे गाडीच्या मालाचा खर्च निघून वर थोडेफार सुटत असेल, तरी ती बनवून सूट देऊन विकणे हे यंत्र बंद ठेवण्यापेक्षा परवडते. मात्र असा साठा कोणाच्या तरी यार्डात जातो, हे कराडच्या पत्राच्या उत्तरात आले आहेच.

क्षमता भरली नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणून नॅनोकडे पाहता येईल. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात एक लाखाची गाडी म्हणून ती जगासमोर आली, सिंगूर सोडून साणंदला गेली आणि तेथे वर्षाला अडीच लाखांचा कारखाना उभा राहिला. तिच्या सर्वांत चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, पाऊण लाखाच्या आत गाड्या विकल्या गेल्या. एवढ्या स्वस्त गाडीत नगामागे सुटणारी रक्कम आधीच बारीक, आणि जो खर्च अडीच लाख गाड्यांवर पसरायचा तो पाऊण लाखांवर पडला. गाडी बरी होती की वाईट, हा वाद मित्रमंडळीत अजून चालतो; माझ्या मते ती गाडी कमी विकली जाण्याने जेवढी बुडाली, तेवढीच तिच्यासाठी आधी बांधलेल्या छपराच्या आकाराने बुडाली. कॉर्नफ्लेक्सची एखादी नवी चव आपटली, तर तीच भट्टी दुसऱ्या दिवशी जुनी चव भाजू लागते.

गाडीवाल्याला आणखी एक प्रतिस्पर्धी असतो आणि तो त्यानेच जन्माला घातलेला असतो, तो म्हणजे त्याचीच जुनी गाडी. फोर्डचे मॉडेल टी १९०८ मध्ये ८५० डॉलरला होते, १९२५ पर्यंत त्याची किंमत २६० डॉलरपर्यंत खाली आली. पण तोवर रस्त्यावर इतक्या जुन्या टी झाल्या होत्या की नवी घेण्याचे कारण उरले नाही. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने त्यावर दरवर्षी रूप बदलण्याचा आणि हप्त्यांवर गाडी देण्याचा तोडगा काढला. आजही डिसेंबरात मिळणारी सूट ही त्याच रोगाचे लक्षण आहे, कारण ३१ डिसेंबरची कोरी गाडी १ जानेवारीला कागदोपत्री एक वर्षाने म्हातारी होते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक ते वर्ष मोजते. जुन्या गाडीच्या बाजारात तर खरेदीदाराला दोष दिसत नाहीत आणि विकणाऱ्याला ते माहीत असतात; या एका गोष्टीवर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेला निबंध पुढे नोबेल पुरस्कारापर्यंत गेला. अर्धा खाल्लेला कॉर्नफ्लेक्सचा डबा कोणी विकायला काढत नाही, त्यामुळे त्या कंपन्यांना हा त्रास नाही.

प्रश्न : मी पुण्यात अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. आमच्या अभ्यासक्रमात बाजारातील स्पर्धेची उदाहरणे म्हणून सारखी मोटारी आणि कॉर्नफ्लेक्सची येतात. हेच दोन उद्योग का निवडतात? आणि मोजक्याच कंपन्या असल्या म्हणजे त्यांनी संगनमत केलेच असेल, असे मानता येते का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्हींत कंपन्या मोजक्या आहेत आणि प्रकार असंख्य. अर्थशास्त्रज्ञाला एवढे पुरते. एकाच प्रकारच्या गव्हाची किंमत कशी ठरते हे पहिल्याच प्रकरणात सांगून होते. पण एका गाडीची किंमत वाढली तर तिची गिऱ्हाइके नेमक्या कोणत्या दुसऱ्या गाडीकडे वळतील, हे मोजणे फार अवघड. बेरी, लेव्हिनसन आणि पेक्स यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील मोटारींच्या वीस वर्षांच्या विक्रीवरून ते मोजण्याची रीत बसवून दिली, आणि अविव नेवो यांनी २००१ मध्ये तीच रीत कॉर्नफ्लेक्सला लावली. जेरी हाउसमन यांनी तर सफरचंद-दालचिनीच्या चवीचा एक नवा प्रकार आल्यामुळे ग्राहकांचे डॉलरमध्ये किती भले झाले, याचाही हिशेब मांडला. त्यावर इतर अर्थशास्त्रज्ञांनी बरीच टीका केली. एका चवीने एवढे भले होत असेल हे मलाही जरा जास्तच वाटते.

संगनमताच्या प्रश्नावर एक जुना खटला आहे. बाजारातील स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७२ मध्ये केलॉग, जनरल मिल्स, जनरल फूड्स आणि क्वेकर ओट्स यांच्यावर आरोप ठेवला की त्यांनी मिळून मक्तेदारी चालवली आहे. पुरावा काय, तर गुप्त बैठका नव्हेत. १९५० ते १९७२ या काळात मोठ्या कंपन्यांनी ऐंशीहून अधिक नवे प्रकार बाजारात आणले होते, आणि गोड, कमी गोड, मनुके घातलेले, फुगवलेले असे करता करता फळीवर नवख्याला शिरायला फटच ठेवली नव्हती, असा युक्तिवाद होता. खटला दहा वर्षे रेंगाळला आणि १९८२ मध्ये गुंडाळला गेला. नेवो यांचा निष्कर्ष या वादात उपयोगी पडतो. त्यांना कॉर्नफ्लेक्सवरचा नफ्याचा टक्का भरपूर आढळला, पण तो समजावून सांगायला संगनमताची गरज पडली नाही. प्रत्येक प्रकाराचे वेगळे चाहते असतात, आणि एकाच कंपनीचे अनेक प्रकार असल्यामुळे एकाची किंमत वाढवली तरी सुटलेले गिऱ्हाईक बऱ्याचदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्याशी जाऊन थांबते. या दोन कारणांनी तो टक्का निघतो. १९९६ मध्ये पोस्ट या कॉर्नफ्लेक्सच्याच दुसऱ्या कंपनीने आपल्या किमती सुमारे वीस टक्क्यांनी उतरवल्या आणि काही आठवड्यांत केलॉगलाही उतरवाव्या लागल्या, यावरून किमतींत किती हवा होती आणि ती काढणारा एक जण पुरतो, हे दोन्ही दिसले.

मोटारीत बाजारशक्तीची, म्हणजे आपल्या मर्जीने किंमत लावण्याच्या ताकदीची, जागा वेगळी आहे. गाडी घेताना गिऱ्हाईक चार शोरूम हिंडते आणि घासाघीस करते. एकदा गाडी दारात आली की मात्र बंपर त्याच कंपनीचा लागतो. आपल्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो गाड्यांच्या किमतींवरून नव्हता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू न देण्यावरून होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. प्रबंधिकेसाठी विषय शोधत असाल, तर तो निकाल मुळातून वाचावा. परदेशी डब्यांच्या उदाहरणांपेक्षा त्यात आपल्याला अधिक मिळेल.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी कमी झाला. त्याचा फायदा गाड्यांना जास्त झाला की खाण्याच्या डब्यांना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉर्नफ्लेक्सवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा २८ टक्के अधिक उपकरावरून १८ टक्क्यांवर. टक्क्यांत डब्याचा फायदा मोठा आहे: १९० रुपयांच्या डब्यात एकवीस रुपये. नऊ लाखांच्या गाडीत मात्र पाऊण लाख.

पण अधिक बोलकी गोष्ट त्याआधीच्या पाच आठवड्यांत घडली. कर कमी होणार असे १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जाहीर झाले आणि गाड्या घेणारे थांबले. मध्ये पितृपक्षही होता, त्यामुळे थांबायला दोन कारणे झाली. नवे दर लागू झाले तो दिवस घटस्थापनेचा, आणि अडलेली सगळी खरेदी एकदमच मोकळी झाली. वितरकांना मात्र जुन्या साठ्यावर आधीच भरलेल्या उपकराचे काय करायचे, ही चिंता लागून राहिली. कॉर्नफ्लेक्ससाठी कोणी पाच आठवडे थांबले नाही. दुकानदारांचे काम वाढले ते एवढेच, की जुनी किंमत छापलेले डबे नव्या किमतीला विकावे लागले.